‘तीन मिनिटांत त्यांना काय कळलं?’ : बाबांची ओपीडी आणि अ‍ॅडमिट करण्याचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. बाबा ६६ वर्षांचे, सांगोल्याकडे शेती करतात. बीपीची गोळी दहा वर्षांपासून चालू. दोन महिने झाले, थकवा आहे, बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि वजन ६२ वरून ५८ वर आलंय. तुम्ही त्यांना पुण्याला आणलंत, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळी ७ ला रांग लावलीत, साडेबाराला नंबर लागला. एका तरुण डॉक्टरनं ‘जेमतेम तीन मिनिटं’ पाहिलं, आठ तपासण्या आणि सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, ‘पुढच्या मंगळवारी रिपोर्ट घेऊन या’ म्हणाला आणि पुढच्याला आत बोलावलं. आता शेजारी म्हणतात, सरळ अ‍ॅडमिट करा, सगळं एकदम होईल, मेडिक्लेमही मिळेल. आणि बाबा म्हणतात, मी काही परत त्या रांगेत येत नाही.

तुम्ही विचारलंत, अ‍ॅडमिट करावं का. पण पत्र वाचताना मला वाटलं, तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. वॉर्डात निदान खाट मिळते, सिस्टर येऊन बीपी बघते, काहीतरी चाललंय असं दिसतं. ओपीडीत हातात येतो तो एक कागद. उपचार सुरू झालेत की आपल्याला नुसतं वाटेला लावलंय, हेच कळत नाही.

मी फिजिशियन आहे. एमडी मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात केलं, त्यामुळे तीन वर्षं टेबलाच्या पलीकडची ती तरुण डॉक्टर मीच होते. त्यानंतरची बावीस वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवतेय, म्हणजे पेशंटला मोठ्या रुग्णालयात धाडणारी आणि तो वैतागून परत आला की त्याचं ऐकून घेणारीही मीच. बाबांना न बघता निदान सांगणार नाही. पण तुमच्या हातातल्या कागदाबद्दल बरंच सांगता येईल.

पहिल्यांदा ती तीन मिनिटं. समर्थन करत नाही, वेळ कमीच आहे. २०१७ मध्ये ६७ देशांची माहिती एकत्र करून एक अभ्यास छापला गेला होता. त्यात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो याचा आकडा बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं असा निघाला, आणि आपण बांगलादेशाच्या टोकाजवळ आहोत. पण तीन मिनिटांत काहीच झालं नाही, असं मात्र नसतं. केस पेपर काढून बघा. वर ‘सी/ओ’ लिहिलं असेल, ती तुमची तक्रार. ‘के/सी/ओ एचटीएन’ म्हणजे बीपी आधीपासून आहे. त्याखाली नाडी, बीपी. मग ‘पॅलर’ असा शब्द आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह असेल, तर पापणी खाली ओढून रक्त कमी दिसतंय हे त्यानं टिपलंय. ‘पी/ए सॉफ्ट’ म्हणजे पोट दाबून पाहिलं. ‘आर/एस क्लिअर’ म्हणजे छाती ऐकली. आमच्या युनिटच्या (म्हणजे डॉक्टरांच्या ठरलेल्या तुकडीच्या) मॅडम सांगायच्या, पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात निम्मी तपासणी उरकलेली असली पाहिजे : चाल, धाप, चेहरा, सैल झालेला पट्टा. तो मुलगा मान खाली घालून लिहीत होता म्हणून तुम्हाला वाटलं, बघतच नाहीये. बहुधा बघून झालं होतं. सांगून मात्र झालं नव्हतं, आणि तुमची खरी तक्रार तीच असायला हवी.

त्या कागदावर एक गोष्ट मुद्दाम शोधा : बीपीचे दोन आकडे आहेत का, एक झोपून किंवा बसून आणि एक उभं राहून? उठताना अंधारी येणाऱ्या माणसाचं बीपी उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत परत मोजायचं असतं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर चक्कर का येते याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. गर्दीत सर्वात आधी हेच राहून जातं, माझ्याकडूनही राहिलंय. नसेल लिहिलेलं, तर मंगळवारी एवढंच म्हणा, ‘डॉक्टर, उठतानाच अंधारी येते, उभं करून बीपी बघता का?’ कोणीही रागावणार नाही.

आता मंगळवारच का? सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत मेडिसिनची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. तुम्हाला ज्यांनी पाहिलं ते मंगळवारचं युनिट. बाकीचे दिवस तेच डॉक्टर वॉर्डात राउंड, इमर्जन्सी आणि शिकवणं यांत असतात. रिपोर्ट हातात आले म्हणून तुम्ही उत्साहानं शुक्रवारी गेलात, तर दुसरं युनिट भेटेल. त्यांना बाबा नवे, म्हणून गोष्ट पहिल्यापासून, कदाचित एखादी गोळी बदलून, एखादी तपासणी वाढवून. तीन शुक्रवार आणि दोन सोमवार असे भटकून, ‘पाच डॉक्टरांना दाखवलं, कोणालाच काही कळत नाही’ म्हणत माझ्याकडे येणारी माणसं मी दर महिन्याला बघते. पाच जणांनी प्रत्येकी पहिलंच पान वाचलेलं असतं, दुसरं कोणी उघडलेलंच नसतं. तोच वार, तेच युनिट, तोच केस पेपर.

त्या केस पेपरला लॅमिनेशन नको, पण पिशवीच्या तळाशी चुरगळूही देऊ नका. भरती झालेल्या रुग्णाचे कागद रुग्णालयाला निदान तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. ओपीडीचा कागद मात्र बहुतेक ठिकाणी तुमच्याच हातात देतात. तो हरवला तर त्या तीन मिनिटांचा पुरावा कुठेच उरत नाही. त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूचाही.

आठ तपासण्यांचं सांगते. तुम्ही लिहिलंय, ‘काही कळलं नाही म्हणून सगळंच लिहून दिलं असेल.’ मला यादी वाचून उलट वाटलं. सीबीसी रक्त कमी आहे का ते बघायला. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, कारण वजन उतरणं आणि गळून जाणं हे मधुमेहाचं पहिलं दर्शन असू शकतं. क्रिएटिनीन किडनीसाठी, टीएसएच थायरॉइडसाठी, ईसीजी नाडीची गडबड पकडायला. छातीचा एक्स-रे, कारण आपल्याकडे वजन घटलं की टीबीचा विचार केल्याशिवाय पुढे जायचं नसतं, खोकला असो वा नसो. आणि सोडियम-पोटॅशियम, ज्याला तुम्ही ‘फालतू’ म्हणालात. बाबांच्या बीपीच्या गोळीच्या नावामागे ‘एच’ आहे का बघा. असेल तर बहुतेकदा त्यात लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध असतं. सांगोल्याचं ऊन, रानातला घाम आणि वरून ही गोळी, एवढ्यानं म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरतं आणि थकवा, चक्कर, कधीकधी भ्रमही होतो. शिवाय ६२ किलोच्या माणसाला बसवलेला बीपीचा डोस ५८ किलोला जास्त होऊ शकतो. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ते मंगळवारी ठरेल.

यात एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती स्पष्ट सांगते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तर ‘चला, सुटलो’ म्हणून घरी जाऊ नका. ६२ वरून ५८ म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त घट, तीही जेवण कमी न करता दोन महिन्यांत. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के उतरलं तरी आम्ही कारण शोधतो. तेव्हा पहिली फेरी कोरी निघाली तर दुसरी असते : पोटाची सोनोग्राफी, गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी. ओपीडीत निदान पायरीपायरीनं होतं, आणि मधले आठ दिवस वाया जात नाहीत. गोळीनं काही फरक पडला का, वजन अजून उतरलं का, नवं काही सुरू झालं का, हेही उत्तरच असतं. दुखणं अंगावर काढणं वेगळं आणि ठरवून आठ दिवस बघणं वेगळं.

मग अ‍ॅडमिट? तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून, आज नको. बाबा चालतायत, जेवतायत, बोलतायत. अशा माणसाला केवळ तपासण्या एकदम व्हाव्यात म्हणून खाटेवर टाकलं, तर तोटाच जास्त. वॉर्डातला जंतुसंसर्ग आहे, अनोळखी जागी रात्री गोंधळून जाणं आहे (हे म्हाताऱ्यांत फार दिसतं, सकाळी मुलांनाही ओळखत नाहीत आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं), आणि आधीच थकलेल्या स्नायूंना खाटेवर पडून आणखी गळती लागते.

शेजाऱ्यांनी ‘दोन सलाईन लावली की तरतरी येईल’ असंही सांगितलं असेल, सगळेच सांगतात. ५०० मिलीच्या ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. आणि साखरेची तपासणी व्हायच्या आधी हे का करायचं? माझ्याच दवाखान्यात सलाईन न लावल्यामुळे समोरच्या दवाखान्यात गेलेले पेशंट कमी नाहीत.

मी भरती कधी करते तेही सांगते. शुद्ध हरपून पडले, वरचं बीपी ९० च्या खाली राहतंय, धाप लागते, ताप हटत नाही, खाल्लेलं टिकत नाही, बोलण्यात असंबद्धपणा आला. किंवा रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ७ च्या खाली किंवा सोडियम १२५ च्या खाली. हे उंबरठे डॉक्टरगणिक थोडे इकडेतिकडे होतील. आणि छातीत दाबल्यासारखं दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय गळणं, जीभ जड होणं, यांत ओपीडीची रांग लावायचीच नाही, थेट कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग गाठायचा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात, केस पेपर काढल्यापासून नाही.

मेडिक्लेमबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे माणसं स्वतःचंच नुकसान करून घेतात. नेहमीची पॉलिसी साधारण २४ तासांच्या भरतीला लागू होते. मोतीबिंदूसारख्या डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा शस्त्रक्रिया अपवाद. पण फक्त तपासण्यांसाठी भरती झालात, तर खर्च मिळत नाही. हा अपवाद पॉलिसीतच छापलेला असतो. ‘एक्स्क्ल ०४’ असा कोड शोधा, ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’ म्हणून सापडेल. म्हणजे शेजाऱ्यांचा सल्ला मानून बाबांना दोन दिवस झोपवलंत, आठ तपासण्या केल्यात आणि कागदावर उपचार काहीच नाहीत, तर क्लेम तिथेच अडकायचा. ‘मॅडम, कागदावर निमोनिया दाखवा ना’ ही विनंती मला महिन्यातून एकदा तरी होते. मी करत नाही. नीतीची गोष्ट सोडा, तो खोटा निमोनिया बाबांच्या नावावर कायमचा चिकटतो, आणि उद्या एक्स-रेत खरंच डाग दिसला तर जुना की नवा यावर सगळे डोकं खाजवत बसतात.

उलट, ओपीडीची बिलं फेकू मात्र नका. समजा पंधरा दिवसांनी खरंच भरती करावी लागली, तर त्याच आजारासाठी आधी झालेला तपासण्यांचा आणि औषधांचा खर्च पॉलिसीत बसू शकतो. २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात भरतीच्या आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरलेत. तुमच्या पॉलिसीचे दिवस तपासा. प्रत्येक बिलाला ती तपासणी लिहिलेली चिठ्ठी जोडलेली हवी. नुसतं लॅबचं बिल चालत नाही. आणि त्याहून आधी एक बघा : बाबा त्या पॉलिसीत आहेत का? कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील आपोआप असतीलच असं नाही, अनेक ठिकाणी वेगळा हप्ता भरावा लागतो. नसतील, आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर विमा नसलेल्या ६० वर्षांवरच्या पालकांच्या उपचारखर्चावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, त्यात ओपीडी आणि औषधंही येतात. अट एवढीच की पैसे रोख दिलेले नकोत. मेडिकलवाल्याला यूपीआय करा आणि बिल बाबांच्या नावानं मागा. महात्मा फुले योजनेचं विचारलंत, ती ठरावीक आजारांतल्या भरतीसाठी आहे, साध्या ओपीडीला उपयोग नाही.

इथपर्यंतचं एवढंच धरा : भरती आज नको, मंगळवार चुकवू नका, कागद आणि बिलं जपा. आता मंगळवारची तयारी.

रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणजे रात्री ९ ला जेवून सकाळी ७ ला दिलं तरी चालतं. पाणी प्यायचं. आणि ‘उपाशीपोटी बोलावलं’ म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही, ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. दर ओपीडीला निदान चार-पाच जण गोळी न घेता, तीन तास उभं राहून, जिना चढून येतात आणि बीपी १७० निघतं. मग घाईतला डॉक्टर डोस वाढवतो, पेशंट घरी जाऊन वाढलेली गोळी रोज घेतो आणि आठव्या दिवशी न्हाणीघरात पडतो. साखरेची गोळी मात्र उपाशीपोटीचं रक्त देऊन होईपर्यंत घ्यायची नसते, तुमच्याकडे ती सध्या नाही म्हणून सोडून देते. जेवणानंतरची साखर म्हणजे पहिल्या घासापासून दोन तासांनी, आणि जेवण नेहमीचंच. रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन बिस्किटांवर भागवलंत तर स्वतःलाच फसवाल. एचबीए१सी लिहिली असेल तर ती तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, पण रक्त कमी असेल तर तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवत नाहीत.

घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. ‘ती पांढरी छोटी गोळी’ असं सांगू नका, पाकीट दाखवा. माझ्याकडे एक आजोबा यायचे, पहाटे चारला घामानं भिजून उठायचे. घरच्यांना वाटलं हृदय. पिशवी टेबलावर ओतली तर दोन वेगवेगळ्या नावांची पाकिटं, एक शिबिरातलं, एक शहरातल्या रुग्णालयातलं. दोन्हींत आत एकच साखरेचं औषध, ग्लिमेपिराइड. दुप्पट डोस, पहाटे साखर खाली. एक पाकीट बाजूला ठेवलं, बाकी काही केलं नाही. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, औषधाचं खरं नाव त्याच्याजवळ बारीक अक्षरात. ते वाचायची सवय लावून घ्या.

रांगेसाठी : बऱ्याच मोठ्या सरकारी रुग्णालयांत आता नोंदणीच्या खिडकीजवळ क्यूआर लावलेला असतो. बाबांचा १४ आकडी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक) मोबाईलवर असेल तर स्कॅन करून टोकन मिळतं आणि नाव-पत्ता लिहायची रांग वाचते. डॉक्टरच्या दारातली रांग वाचत नाही, तेवढी आशा ठेवू नका.

बाबांचं ‘परत येत नाही’ मला अगदी पटतं. त्यांना सांगा, हा मंगळवार टाळता येणार नाही, कारण वजन आणि उभं करून बीपी घ्यायला माणूसच लागतो. पण निदान लागलं की दर वेळी पुण्याला यायची गरज नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत, आणि तुमच्या तालुक्यातलं सरकारी रुग्णालय त्यातच येतं. बीपी, वजन, नेहमीच्या गोळ्या, साधं रक्त तिथे होतं. (पुण्या-मुंबईची वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या विभागाची नाहीत, म्हणून तिथे थोडे पैसे पडतात.) तिथल्या डॉक्टरना पुण्याचा केस पेपर दाखवायचा आणि त्यांनी लिहिलेलं पुण्याला न्यायचं, एवढं तुम्ही सांभाळा.

आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य बाबांना बोलू द्या. तुमच्या पत्रात सगळं तुम्हीच सांगितलंय, बहुधा टेबलापाशीही तुम्हीच बोललात. मागे असाच एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता, हाच थकवा, हीच अंधारी. दहा मिनिटं तोच बोलत होता. मध्येच कोणीतरी त्याची मोटरसायकल हलवायला हाक मारली म्हणून बाहेर गेला. म्हातारा दाराकडे बघून हळूच म्हणाला, ‘बाई, परसाकडला डांबरासारखं काळं होतंय. पोराला नाही सांगितलं.’ गुडघे दुखतात म्हणून सहा महिने मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या रोज दोन घेत होता. जठरातून रक्त जात होतं. हिमोग्लोबिन ६.८ निघालं, त्याच दुपारी भरती केलं.

म्हणून मंगळवारपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी फोनवर, आई जवळ नसताना, बाबांना दोन गोष्टी विचारा : गुडघ्यासाठी किंवा कमरेसाठी कुठली गोळी चालू आहे का, आणि शौचाला काळं, चिकट होतं का. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, तेव्हा त्या चालू आहेत का तेही विचारा. लोह चालू नसताना काळं होत असेल, तर मी वर ‘आज नको’ म्हटलं ते रद्द समजा आणि त्यांना आजच कॅज्युअल्टीत न्या.